या वेळचं ‘नाही’

अहो,

लग्नाआधी तुम्हाला एकदा पत्र लिहायला बसले होते. मायना काय लिहावा इथेच अडले, आणि तेवढ्यात तुम्हीच सायकलवरून आमच्या दारात हजर झालात. त्यानंतर पत्राची कधी गरज पडली नाही. आज पडली आहे.

सोमवारी डॉक्टर मृणाल एका बाईंना घेऊन आपल्याकडे आल्या होत्या. बाई कोथरूडच्या, माझ्याहून बऱ्याच लहान. त्यांच्या मिस्टरांना तुमचाच आजार झालाय. अजून चालतात, बोलतात, पण शर्टाची बटणं लागत नाहीत. बाई आधी इकडचं तिकडचं विचारत होत्या. हवेची गादी कुठली घेतली, नर्सिंग ब्युरोच्या बायका टिकतात का, पोटातल्या नळीतून ताक चालतं का. मी भराभर सांगत होते. मग त्यांनी कप खाली ठेवला आणि विचारलं, “शेवटी तुम्ही कसं ठरवलंत?”

माझ्याकडे एक वाक्य तयार असतं. तुम्ही गेल्यापासून सगळ्यांना तेच सांगत आलेय, ‘ह्यांनीच ठरवलं होतं.’ त्या बाईंना ते सांगवेना. मी कप उचलून आत गेले आणि विसळलेलेच पुन्हा विसळत उभी राहिले. बाई गुरुवारी परत येणार आहेत. त्याआधी मला तुमच्याशी बोलायचंय. तुमच्याशिवाय हे कोणाला विचारू?

तुमचा हात पहिल्यांदा अडला तो बुधवार पेठेतल्या दुकानात. एक अ‍ॅम्प्लिफायर उघडून बसला होतात आणि हातातलं सोल्डरिंग आयर्न निसटून मांडीवर पडलं. घरी येऊन मला म्हणालात, “बर्नॉल आण, आणि हसू नकोस.” मी हसले होते. पुढे किल्ली फिरेना, घास तोंडापर्यंत जाईना, बोलताना जीभ अडखळायला लागली, आणि मोठ्या डॉक्टरांनी त्या आजाराचं लांबलचक नाव सांगितलं. डोकं शाबूत राहील, बाकी शरीर हळूहळू बंद पडत जाईल, शेवटी श्वास. तुम्ही शांतपणे विचारलंत, “गॅरंटी पीरियड किती?” डॉक्टरांना कळलंच नाही हसावं की काय करावं.

त्याच आठवड्यात तुम्ही आम्हाला बसवून घेतलंत. मला, अभिजितला आणि तुमच्या विजूताईंना. जीभ जड झाली होती, तरी शब्द स्पष्ट होता. “गळ्यात नळी घालायची नाही. मशीनवर ठेवायचं नाही. अ‍ॅम्प्लिफायरचा पॉवर सप्लाय गेला तर बाहेरून जोडून चालवतात. मी अ‍ॅम्प्लिफायर नाही.”

विजूताई रडायला लागल्या. अभिजित खाली बघत राहिला. मी मात्र ते पक्कं गाठीला बांधलं. आपल्या घरात तुम्ही एकदा सांगितलंत की ते ठरलं, असंच होतं ना? भिंतीचा रंग असो की अभिजितची शाळा. हेही ठरलं, असं मी धरून चालले. तुमच्यासाठी कोणाशीही भांडायची तयारी करून ठेवली. रिक्षात, भाजी निवडताना, आंघोळ करताना मी मनातल्या मनात डॉक्टरांना, विजूताईंना, आख्ख्या जगाला ठणकावून सांगत असे, ‘त्यांना नकोय.’

आणि मग तो रविवार आला. दुपारी जेवणं झाली होती. तोंडावरचा मास्क लावूनही तुम्हाला श्वास पुरेना. ओठ निळे पडले, नजर फिरायला लागली. धायरीतून निघालेली अ‍ॅम्ब्युलन्स सिंहगड रोडच्या गर्दीत रांगत होती आणि मी तुमचा हात धरून तेच वाक्य घोकत होते. कॅज्युअल्टीत एक तरुण डॉक्टर पुढे आला. मी त्याला सांगितलं, “ह्यांना नळी नकोय. त्यांनी आधीच सांगून ठेवलंय.” तो मुलगा चांगला होता. माझं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, “काकू, काका शुद्धीवर आहेत. मला त्यांनाच विचारावं लागेल.” तुमच्यावर वाकून त्याने विचारलं, “काका, नळी घालू? नाही घातली तर आज जाल.”

तुम्ही माझ्याकडे पाहिलंत. मग त्याच्याकडे. आणि मान हलवलीत. हो.

त्या क्षणी माझं काय झालं हे मी तुम्हाला कधी सांगितलं नाही. मी भिंतीला टेकले. तुम्ही वाचणार म्हणून इतकं बरं वाटलं की रडू फुटलं. आणि थोड्या वेळाने, बाहेरच्या बाकावर, तुमचा भयंकर राग आला. मला इतके महिने पहाऱ्याला उभं केलंत आणि स्वतःच दार उघडून दिलंत? पण राग तरी कसा धरू? ज्याला श्वास मिळत नाहीये तो माणूस आणि जेवणाच्या टेबलाशी बसून ठरवणारा माणूस, दोघंही तुम्हीच होतात. मी कोणाचं ऐकायचं, हे मला कोणी शिकवलं नव्हतं.

गळ्यातून नळी टाकून, मशीन जोडून तुम्हाला घरी आणलं. बाहेरची खोली तुमची झाली. सोफा गेला, पलंग आला, व्हेंटिलेटर आला, कफ ओढायचं मशीन आलं, कोपऱ्यात इन्व्हर्टरच्या बॅटऱ्या आल्या. तुम्हाला फक्त डोळे उरले. आणि मला? मला घर उरलं. शाळेच्या ऑफिसातली नोकरी सोडली. जिना उतरून खाली गेले तरी कान वर लागलेले असत. टँकरवाला पाणी सोडताना भोंगा वाजवी आणि मला अलार्म वाटून मी कढई तशीच टाकून धावे. आंघोळीला दार लावून घेणं सुटलं. कफ ओढला नाही तर तुमचा जीव घुसमटे, ओढला तरी डोळ्यांत पाणी येई. तुम्ही त्या पलंगावर अडकला होतात आणि मी त्या पलंगाच्या भोवतीच्या चार पावलांत. फरक एवढाच की मला येरझारा घालता येत होत्या.

तरी सगळं वाईटच होतं असं मी म्हणणार नाही. तुम्हालाही ते आवडणार नाही. अक्षरांचा तक्ता आपण करून घेतला. मी एकेक ओळ बोटाने दाखवायची, हवं ते अक्षर आलं की तुम्ही डोळे एकदा मिटायचे. नाही म्हणायचं असेल तर दोनदा. मात्रा, वेलांट्या आपण सोडूनच दिल्या. त्याही तक्त्यावर तुमचा खवचटपणा सुटला नाही. तुमचे ते मामेभाऊ यायचे, तासन्‌तास गोमूत्राचे आणि कुठल्या कुठल्या बाबाच्या काढ्याचे फायदे सांगायचे. तुम्ही मला बोलावून अक्षरं दिलीत, ‘उ’, ‘ठ’. मी त्यांना म्हटलं, “ह्यांना दमायला झालंय, आता झोपतील.” तुम्ही डोळ्यांनी हसत होतात.

आणि ईरा. अभिजितची लेक त्याच काळात झाली. रांगायला लागली तशी तुमच्या पलंगाला धरून उभी राहायची आणि तुमच्याकडे बघून दोन्ही डोळे घट्ट मिटायची. तुम्ही मिटलेत की खिदळायची. कॅज्युअल्टीत तुम्ही मान हलवली नसती तर ही नात तुम्हाला भेटलीच नसती. हे मी विसरत नाही. म्हणूनच तर सगळं अवघड होऊन बसलंय.

मग एका दुपारी लाइट गेले. ते जायचेच, पण त्या दिवशी इन्व्हर्टरही बसला. मी धावत येऊन हाताने दाबायचा फुगा तुमच्या गळ्याच्या नळीला लावला आणि दाबत बसले. एका हाताने फुगा, दुसऱ्या हाताने फोन. ब्युरोच्या बाई त्या दिवशी रजेवर होत्या. शेजारी कुलूप. अभिजितचा फोन मीटिंगमध्ये. मी दाबत होते तोवर तुमचा श्वास, थांबले की संपलं. हात भरून आला, मग बधिर झाला, मग तो माझा आहे हेच कळेना. तुम्ही माझ्याकडे एकटक बघत होतात. मी तुमच्याकडे बघायचं टाळत होते, कारण माझ्या चेहऱ्यावर काय लिहिलेलं असेल याची मला भीती वाटत होती.

लाइट आले, मशीन सुरू झालं, मी जमिनीवर बसून राहिले. थोड्या वेळाने तुम्ही तक्त्याकडे नजर वळवलीत. ‘ह’, ‘त’. हात? मी म्हटलं, “दुखतोय थोडा, होईल बरा.” मग ‘प’, ‘र’. मी म्हटलं, “हो, पुरे आता, आले लाइट.” तुम्ही डोळे दोनदा मिटलेत. नाही. मी समजले नाही असं दाखवलं. तुम्ही पुन्हा तेच दिलंत. ‘प’, ‘र’. आणि मी उठून स्वयंपाकघरात गेले.

पण तुम्ही सोडणारे थोडेच? रोज तेच. हळूहळू पूर्ण वाक्य केलंत. पुढच्या वेळी ताप आला, छातीत कफ भरला, तर दवाखाना नको. सलाइन नको, इंजेक्शनं नकोत. त्रास होऊ नये एवढंच बघायचं.

शनिवारी अभिजित आला तेव्हा मी त्याला सांगितलं. तो हिंजवडीहून दर आठवड्याला थकूनभागून यायचा आणि आल्या आल्या तुमच्या मशीनचे आकडे तपासायचा. त्याने ऐकून घेतलं आणि म्हणाला, “आई, बाबांनी तेव्हाही नाहीच म्हटलं होतं. अगदी ठामपणे. आणि ऐन वेळी हो म्हणाले. मग या वेळचं नाही कशावरून खरं?”

मी तुमच्याकडे पाहिलं. तुम्ही सगळं ऐकत होतात, तुमचे कान कुठे गेले होते? पण तुम्ही डोळे मिटून घेतलेत आणि उघडलेच नाहीत. तक्त्याची ही एक सोय तुम्हाला फार आवडायची. नको असलेल्या प्रश्नाला तुम्ही झोपी जायचात.

विजूताईंचं तर वेगळंच. त्या म्हणाल्या, श्वास चालू असताना असं कोणी ठरवतं का, आणि सुधा, तू कंटाळलीस असं लोक म्हणतील. त्या वाईट मनाने बोलल्या नाहीत हे मला ठाऊक आहे. धाकट्या भावाला त्यांनी कडेवर वाढवलेलं. पण तो शब्द माझ्या अंगाला चिकटला. कंटाळले होते का मी? दमले होते. रात्ररात्र नीट झोप नव्हती. दमलेल्या बायकोने नवऱ्याचं ‘नाही’ ऐकलं तर ते तिने ऐकलं, की तिला हवं होतं म्हणून तिला ऐकू आलं? तुम्हीच सांगा. हो म्हटलं तर तुमचे हाल करणारी, नाही म्हटलं तर तुम्हाला घालवणारी. तिसरी जागाच नव्हती.

तेव्हा डॉक्टर मृणाल पहिल्यांदा घरी आल्या. बरं होणार नाही अशा माणसांचा त्रास कमी करणं हेच त्यांचं काम. साध्या कुर्त्यातल्या, हळू बोलणाऱ्या. त्यांनी सांगितलं की माणूस भानावर असेल तर उपचार नको म्हणायचा हक्क त्याचा स्वतःचा, बायकोचाही नाही आणि मुलाचाही नाही. पण त्या एकदा विचारून थांबल्या नाहीत. सकाळी आल्या, विचारलं. संध्याकाळी तुम्ही ताजेतवाने असताना आल्या, विचारलं. ईरा खेळत होती त्या दिवशी मुद्दाम विचारलं. तुमचं उत्तर तेच. अभिजित वैतागून म्हणाला, किती वेळा तेच ते? त्या म्हणाल्या, “मत बदलायचाही हक्क आहे त्यांना. त्यांनी हो म्हटलं तर मला ते आनंदाने ऐकायचंय. म्हणून विचारते.”

एकदा त्यांनी मला खोलीबाहेर जायला सांगितलं. मी गॅलरीत जाऊन उभी राहिले. समोरच्या बिल्डिंगचं काम चाललं होतं, एक बाई वाळू चाळत होती. माझ्याच घरात माझ्याविषयी काहीतरी विचारलं जातंय हे मला कळत होतं. नंतर तुमच्या परवानगीने त्यांनी मला आणि अभिजितला ते सांगितलं. त्यांनी तुम्हाला विचारलं होतं, सुधाताईंना त्रास होतो म्हणून तुम्ही नाही म्हणताय का? आणि तुम्ही अक्षरं दिलीत, ‘त’, ‘ह’.

तेही.

तुम्ही खोटं बोलू शकला असता. ‘नाही’ म्हणायला फक्त दोनदा डोळे मिटायचे, इतकं सोपं होतं. पण तुम्हाला गिऱ्हाइकालासुद्धा खोटं सांगता यायचं नाही. अभिजित त्या शब्दावर संतापला. “म्हणजे आईसाठी मरायला निघालेत?” मृणालताईंनी त्याला विचारलं, “तुझ्या कोणत्या निर्णयात तुझ्या माणसांचा विचार नसतो?” शेवटी जाताना दारात चपला घालताना मला म्हणाला, “मी हो म्हणणार नाही आई. पण आडवाही येणार नाही.” मला त्याचा हेवा वाटला. त्याला तेवढी तरी जागा होती.

आणि मग थंडीतली ती सकाळ. तुमचं अंग चटका बसावा असं तापलं होतं. कफ घट्ट, पिवळा, ओढून संपेना. बोटाला लावलेल्या मशीनवरचा आकडा उतरत चालला होता. मृणालताई दुसऱ्या पेशंटकडे होत्या, म्हणाल्या निघते, तोवर हे औषध द्या. अभिजित हिंजवडीच्या चौकात गाड्यांत अडकला होता, दर थोड्या वेळाने फोन करून सांगत होता, आई, मी पोचेपर्यंत काही करू नकोस. म्हणजे काय करू नको? दवाखान्यात नेऊ नको, की न नेता बसू नको?

मी तक्ता घेतला. मला वाटलं, विचारायची फक्त रीत पाळायची. मी म्हटलं, “अहो, दवाखान्यात जायचं?” आणि तुमचे डोळे दोनदा मिटायची वाट बघत राहिले.

तुम्ही मिटलेच नाहीत. ना एकदा, ना दोनदा. तुम्ही माझ्याकडे बघत राहिलात आणि मग नजर तक्त्याकडे नेलीत. मी बोट फिरवलं. ‘त’. मग ‘स’. मग ‘ग’. मी म्हटलं, “तू सांग?” तुम्ही एकदा डोळे मिटलेत.

अहो, असं का केलंत? इतक्या वेळा, इतक्या जणांसमोर नाही म्हणून झालं होतं. सकाळी, संध्याकाळी, नात समोर असताना. आणि घरात फक्त आपण दोघं उरलो तेव्हा तुम्ही मला म्हणालात, तू सांग. तुम्ही माझा निरोप घेत होतात, की मी अडवावं म्हणून विचारत होतात? कॅज्युअल्टीत वाटली तशी भीती पुन्हा वाटली होती का? तिथे निदान तो तरुण डॉक्टर होता. इथे विचारायला मीच आणि सांगायलाही मीच.

मशीनचा आवाज येत होता. मनात आलं, ‘चला जाऊ’ म्हणावं. अ‍ॅम्ब्युलन्स बोलवावी, सगळं डॉक्टरांच्या हाती द्यावं, कोणी मला काही म्हणणार नाही. मग तिथले दिवे, अंगभर टोचलेल्या सुया, आत जायची परवानगी नसलेली मी, आणि तक्ता वाचणारं कोणीच नाही, हे डोळ्यांसमोर आलं. तुमचं बोलणं वाचता येणारी आम्ही दोनतीनच माणसं होतो या जगात.

मी तुमच्या कानाशी वाकले आणि म्हटलं, “मला तुम्ही हवे आहात. पण मी तुम्हाला नेणार नाही.”

तुम्ही परत तक्ता मागितलात. ‘च’, ‘ल’, ‘ल’.

चालेल.

दुकानात गिऱ्हाइकाने भाव पाडून मागितला आणि तुम्हाला तो पटला की तुम्ही म्हणायचात तसंच. बरोबर, असं म्हणाला नाहीत. चालेल म्हणालात. त्या एका शब्दावर मी गेलं वर्षभर उभी आहे आणि तो किती वजन पेलेल ते मला कळत नाहीये.

मृणालताई आल्या. त्यांनी इंजेक्शन दिलं, तुमच्या कपाळावरच्या आठ्या सैल झाल्या. अभिजित आला तो बुटांसकट आत. तुमचे पाय मांडीवर घेऊन बसला आणि काहीच विचारलं नाही त्याने. मला वाटलं होतं तो तरी पुन्हा एकदा विचारेल. मग मी सुटले असते, किंवा पुरती अडकले असते. विजूताई आल्या, तुमच्या केसांतून हात फिरवत बसल्या. दुसऱ्या दिवशी दुपारच्या आधी तुम्ही गेलात.

पण ते कळलंच नाही आम्हाला. मशीन हवा देत होतं आणि तुमची छाती वरखाली होत होती, रोजच्यासारखी. मी तुमच्या ओठांना ओला बोळा लावत होते. मृणालताईंनी नाडी बघितली, बराच वेळ छातीला स्टेथोस्कोप लावून ऐकलं आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला. मी म्हटलं, “पण श्वास चालू आहे.” त्या म्हणाल्या, “तो मशीनचा आहे.” त्या बटणाकडे वळल्या तेव्हा अभिजित म्हणाला, “थांबा. मी करतो.” त्याने बंद केलं. इतकी वर्षं तो आवाज जावा असं वाटत होतं, आणि गेला तेव्हा घरात कुठे उभं राहावं हे समजेना.

लोक भेटायला आले. कुठल्या हॉस्पिटलात होते, हाच पहिला प्रश्न. विजूताईंच्या तोंडून एकदा निघून गेलं की नेलंच नाही. तेव्हा अभिजित सगळ्यांसमोर म्हणाला, “आत्या, बाबांनी ठरवलं होतं. आम्ही फक्त पाळलं.” ज्याने हो म्हणायचं नाकारलं होतं त्यानेच माझी बाजू घेतली. विजूताई नंतर माझ्या गळ्यात पडल्या. सगळ्यांचं भलं झालं त्या वाक्याने. रात्री झोपता येईल असं वाक्य आहे ते. फक्त माझ्या उपयोगाचं नाही, कारण शेवटच्या सकाळी तुम्ही ठरवलं नव्हतंत. तुम्ही मला विचारलं होतंत.

अजूनही मी धावतेच. टँकरचा भोंगा वाजला की उठते. आंघोळीचं दार लोटलेलंच असतं. पलंग परत केला, सोफा जागेवर आणला, तरी मी त्या खोलीत कडेकडेने चालते. अभिजित म्हणतो, आई, आमच्याकडे ये राहायला, मोकळं वाटेल. कसं सांगू त्याला की दार बाहेरून कोणी लावलेलंच नाहीये?

मला तुमच्याकडून एकच वाक्य हवं होतं. ‘तू सांग’च्या आधी, कधीतरी, कुठल्याही दिवशी. ‘सुधा, ऐन वेळी मी घाबरेन, तुझ्यावर टाकेन, आणि तू जे म्हणशील ते बरोबरच असेल.’ मात्रा सोडून लिहिलं असतंत तरी मी वाचलं असतं. रागावून लिहीत नाहीये. म्हणजे, थोडी रागावलेय. पण तुमच्या तरी कुठे लक्षात येणार होतं? मरायची वेळ तुमच्यावरही पहिल्यांदाच आली होती.

तर आता ऐका. गुरुवारी त्या बाई आल्या की मी त्यांना ‘ह्यांनीच ठरवलं’ असं सांगणार नाही. तुमचं पहिलं नाही, मग हो, मग पुन्हा नाही, आणि शेवटचं ‘तू सांग’, सगळं जसं झालं तसं सांगणार. त्यांच्या मिस्टरांना अजून बोलता येतंय. दोघांनी बसून बोलावं, आणि ऐन वेळी सगळं उलटं झालं तर काय, तेही बोलावं, एवढंच म्हणेन.

आणि शनिवारी अभिजित आला की त्यालाही सांगणार. त्या सकाळचं सगळं. त्याला वाईट वाटेल, पण वडिलांनी आईला काय विचारलं ते त्याला माहीत असलेलं बरं. त्याच बैठकीत माझंही सांगून टाकणार आहे. मला काय हवं, काय नको. मी काही तुमच्याहून धीट नाही, म्हणून वचन देताना जपून देते. मी शेवटपर्यंत तेच म्हणेन असं नाही. घाबरेन, फिरेन, कदाचित त्याच्याकडे बघून ‘तू सांग’ही म्हणेन. पण तसं झालं तर त्याने तोंडाला येईल ते सांगावं, ने म्हणावं किंवा नेत नाही म्हणावं, दोन्हींतलं काहीही चुकीचं नसेल, आणि त्यावर नंतर एकही रात्र जागायची नाही, हे मी त्याला शनिवारी, माझ्या धडधाकट तोंडाने, त्याच्या डोळ्यांत बघून सांगणार. हे वचन.

तुमचीच,
सुधा